पहिली मूठ कोणाच्या नावानं

माय,

त्या शनिवारी सकाळी मी गव्हाचा डबा तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. आंघोळ झाली होती, देवापुढे दिवा लागला होता, समोर तुझीच पितळेची परात मांडली होती. श्रावणातल्या कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढायचे होते. तुझ्या हातून हे काम किती पटकन व्हायचं! घरातल्या पुरुषांची नावं घ्यायची, वयानं मोठा तो आधी, आणि नावागणिक सव्वा मूठ गहू परातीत सोडायचे. गावी आपले अकरा पुरुष होते. तू आजोबांपासून सुरुवात करायचीस आणि पाळण्यातल्या पोरापर्यंत एका दमात यायचीस. बाया आणि मुली या मोजणीत नव्हत्याच. सुरतेत माझ्या घरात मी, तुझी सून आणि दोन मुली. म्हणजे पुरुष एक, नाव एक, गहू सव्वा मूठ. आमच्या सोसायटीतला घंटीवाला दरवर्षी डब्यात डोकावून हसतो, "आटला ज? आमां तो मारी घंटीय भूखी रहे." एवढ्याशा दळणानं त्याच्या चक्कीचंही पोट भरत नाही म्हणतो. तरी त्या सकाळी मी झाकण धरून बसून राहिलो. मला आणखी एक मूठ टाकायची होती, आणि तू असतीस तर ती टाकू दिली नसतीस. ती मूठ तुझ्या बहिऱ्याची होती.

तू त्याला ओळखतेस ते आमच्या वरच्या खोलीत राहणारा, कानानं कमी ऐकणारा उडिया माणूस म्हणून. त्याच्या आधीचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांना लगेच पाणी आलं असतं. बारावी करून मी सुरतेच्या पांडेसऱ्याला आलो तेव्हा तुला पत्रात लिहायचो, राहायची सोय चांगली आहे, स्वतंत्र खाट आहे. खाट होती, पण तिचे मालक दोन होते. लूमचं खातं दोन्ही पाळ्या चालायचं. एक माणूस कामावर निघाला की त्याच खाटेवर दुसरा कामावरून येऊन आडवा व्हायचा. आठ खाटा आणि सोळा माणसं असलेल्या त्या खोलीत गादी कधी गार झाली नाही. माझ्या खाटेचा दुसरा मालक हा होता. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, गंजामकडचा, दात तेव्हा शाबूत. सकाळी दाराशी आमची गाठ पडायची ती चपला घालण्या-काढण्यापुरती. बाकी आठवडाभर आम्ही एकमेकांना उशीखालून ओळखत होतो. तू पाठवलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतले दोन मी त्याच्यासाठी उशीखाली ठेवायचो, तो माझ्यासाठी मुरमुऱ्यांची पुडी ठेवायचा. एकदा माझ्या अंगात ताप होता आणि मी उठलोच नाही, तर तो बारा तास उभं राहून आलेला माणूस खाटेशेजारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून झोपला. मला त्यानं जागंही केलं नाही.

लूमवर धाग्याचा तुटलेला तार सांधायला त्यानंच शिकवलं. मला काम यायचं नाही म्हणून पहिला महिनाभर तो आपली पाळी संपल्यावर पंधरा मिनिटं माझ्यासाठी थांबायचा. माझ्या गाठी जाड व्हायच्या, कापडावर उठून दिसायच्या. तो माझ्या बोटांवर टिचकी मारून म्हणायचा, "गाँठ ऐसा बाँधो कि कपड़ा को पता न चले." पुढे मी रंगाईच्या मिलमध्ये लागलो, लग्न झालं, खाली दोन खोल्या आणि वर एक असं घर झालं. थोरली रांगत होती त्या वर्षी त्याला टायफॉइड झाला. त्याची बायको गावी केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं, खोलीतल्या पंधरा जणांपैकी कोण पाणी देणार? म्हणून मी त्याला आठ दिवसांसाठी घरी आणलं. त्या आठ दिवसांना आता एकोणीस वर्षं झाली. ओडिशात बापाच्या थोरल्या भावाला बडबापा म्हणतात. हा शब्द त्यानंच थोरलीला शिकवला. "तेरे बाप से हम बड़ा है, तो हम तेरा बडबापा." तेव्हापासून दोन्ही मुलींचा तो बडबापा. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्याचे कान गेले, त्यामुळे आमच्या घरात सगळं मोठ्यानं बोललं जातं. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिला महिनाभर त्यांना वाटतं, या घरात रोज भांडण असतं. आम्ही मीठ मागत असतो.

तुझी शेवटची चार वर्षं तू इथंच काढलीस. आपली तापी इथूनच समुद्राला मिळते हे कळल्यावर तुझी सुरतेवरची नाराजी गेली. "आपलंच पानी शे," असं म्हणून तू नळाचं पाणी प्यायला लागलीस. दुपारी जेवण झालं की तुम्ही दोघं ओट्यावर बसायचात, तू सुपारी कातरत आणि तो तुळशीला पाणी घालून आलेला. तू अहिराणीत बोलायचीस, तो उडिया वळणाच्या हिंदीत, आणि ऐकू कुणाला काही यायचं नाही.

"व्हय रे बहिऱ्या, तुना गावले पानी पडनं का?"

"हाँ माँ, खा लिया."

"बरं व्हयनं. आमना गावले अजून नही."

"दाल में नमक कम था."

आत तुझी सून तोंडाला पदर लावून हसायची. तासभर हे चालायचं आणि दोघं समाधानानं उठायचात. एकदा दादा गावाहून आला होता, त्याला तू ठणकावलं होतंस, "तुमना बठासमा हाऊच एक मनं आयकस." तुम्हा सगळ्यांत माझं ऐकणारा हाच एक! दादाचा चेहरा अजून आठवतो.

पण कानबाईचा रविवार आला की तूच त्याला बाहेर काढायचीस. रागानं नाही. तुझं वाक्य ठरलेलं होतं, "मानूस चांगला शे, पन रोट त्याले नही." रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाही, हे मी आठ वर्षांचा असताना तुझ्या हाताची चव घेऊन शिकलो आहे. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रासाठी मी रोटाचा तुकडा चड्डीच्या खिशात घालून निघालो होतो. उंबऱ्यातच तू पकडलंस. खिसा उलटा केलास, तुकडा काढून माझ्याच तोंडात कोंबलास आणि मग पाठीत धपाटा घातलास. मी रडत रडत तो गिळला. त्यानंतर जे केलंस तेही मी विसरलेलो नाही. चूल पुन्हा पेटवलीस, बाजरीची भाकरी थापलीस, तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवलास आणि ती फडक्यात बांधून मला शाळेत पाठवलंस. "त्याले सांग, भूक लागनी तं भाकर मांग, रोट नको मांगू." माझ्या मित्राला रोटापेक्षा ते लोणी जास्त आवडलं. तुझा नियम असा होता, उपाशी कुणी राहायचं नाही आणि रोट कुणाला मिळायचा नाही. दोन्ही तू सारख्याच कडकपणे पाळलंस.

म्हणून मीही पाळत आलो. पहिल्या वर्षी मी त्याला अडखळत सांगितलं, तर तोच मला सोडवायला धावला. "अरे, देवी का कायदा है तो है. दो दिन हम कडोदरा जाएगा. उधर गाँव का लोग है, ताश खेलेगा." तेव्हापासून दर श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारच्या आदल्या दिवशी, तो कापडी पिशवी घेऊन कडोदऱ्याला जायचा आणि सोमवारी आम्ही कानबाईला तापीवर नेऊन आलो की संध्याकाळी परत यायचा, मुलींसाठी खाज्याचा पुडा घेऊन. पौर्णिमेपर्यंत उरलेला रोट आम्ही फडताळात झाकून ठेवायचो. तो त्या फडताळाकडे बघायचा नाही. स्वयंपाकघरात चमचा घ्यायला आला तरी मान दुसरीकडे. तू गेल्यावरही बारा वर्षं असंच चाललं. माणसाला न बघण्याची एवढी सवय लागते, तर मला ती दिसायला इतका वेळ का लागला, हे मी देवापुढे बसून स्वतःला बऱ्याचदा विचारलं.

हे सगळं उकरलं तुझ्या थोरल्या नातीनं. ती आता कॉलेजात समाजशास्त्र शिकते. मला आधी वाटलं, आपल्या गावच्या शाळेत होता तसाच काही विषय असेल. आमच्या पुस्तकात कुटुंबाचं चित्र होतं, आई, वडील, मुलगा, मुलगी, चौघं एका चटईवर आणि मागे खिडकी. गुरुजी म्हणायचे, हे पाहून आपापलं कुटुंब काढा. मी एकवीस माणसं काढली होती आणि पान पुरलं नव्हतं. लेकीच्या वर्गात ते चित्रच वादाला लागलं आहे. ती सांगते, आधी समजूत अशी होती की रक्ताचं, लग्नाचं किंवा दत्तक घेतलेलं, एवढ्यांचं मिळून कुटुंब. काही जण म्हणायचे, एक छप्पर आणि एक चूल. मग शहरं वाढली, माणसं पोटासाठी कुठल्या कुठे गेली, आणि आता अभ्यास करणारे उलट्या बाजूनं जातात. आधी माणसालाच विचारतात, तुझं कोण ते तू सांग. नंतर बघतात की आजारपणात कोण उठतं, सणाला कोण असतं, आणि सांगणं अन् वागणं जुळतं का. तिच्या मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं, गल्लीतल्या दहा घरांत जा, घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा, तुमच्या कुटुंबात माणसं किती? दहावं घर तिनं आपलंच घेतलं.

हा प्रश्न येण्याच्या आठच दिवस आधी आमच्याकडे एक गोष्ट घडून गेली होती. आषाढात गावाहून भाऊबंदांतली दोन वडीलधारी माणसं आली होती, थोरलीसाठी एक स्थळ सुचवायला. बडबापानं चहाचा ट्रे आणला. ठेवून तो तिथंच, नेहमीच्या जागी, पायरीवर बसला. एका पाहुण्यानं मला विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमचे ओळखीचे आहेत." हळूच म्हणालो. पण लूमवर आयुष्य काढलेल्या माणसांना कान लागत नाहीत, ती ओठ वाचतात. आणि तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं ट्रे उचलला, साखर हवी का ते विचारलं आणि आत गेला.

तर लेक माझ्याकडे कागद घेऊन आली. "पप्पा, आपल्या फॅमिलीत किती जण? चार लखुं?" मी पेपर वाचत होतो. हो, लिही म्हणालो. तुझी सून कणीक मळत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पाच. का गं, कोणी जेवायला येतंय का आणखी?" धाकटी म्हणाली, "पाच. आणि आजी धरली तर सहा." (तुझा फोटो तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर आहे. परीक्षेच्या दिवसांत ती तुला धाक घालते, तू तिला नाही.) राहिला बडबापा. त्याला वेगळं गाठून विचारायचं कसं? लेकीनं त्याला गच्चीवर नेलं आणि तिथून अख्ख्या गल्लीनं ऐकलं, "बडबापा, अपने घर में कितने लोग हैं?" उत्तरही ऐकलं. "चार!"

जेवणं झाल्यावर तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. "मम्मी पाच म्हणते, छोटी पाच म्हणते. चार म्हणणारे दोघंच आहेत, तुम्ही आणि बडबापा. त्यांनी का म्हटलं ते मला समजतं, पप्पा. तुम्ही का म्हटलं?"

तुझी सून मदतीला येईल म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "सांगा की. मलाही ऐकायचंय."

माय, मी असा माणूस आहे का? चार वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातल्या फॉर्मवर 'पेशंटशी नातं' या रकान्यात मी न थांबता भाऊ लिहिलं होतं. तिथल्या माणसानं दोघांची आडनावं पाहिली आणि विचारलं, "सगा भाई?" मी म्हणालो, "एका खाटेचे." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं शिक्का मारला. परक्यासमोर जे सहज निघालं, ते आपल्या भाऊबंदांसमोर ओठांवर अडलं. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती तुला माहीत असणं शक्यच नाही. तू गेलीस तेव्हा तुला आम्ही गावी नेलं. दहाव्याला दादानं, मी, आपल्या सगळ्या पुरुषांनी केस उतरवले. तो इथंच घर सांभाळायला राहिला होता. तेराव्यानंतर मी परत आलो, दार उघडलं, तर समोर हा, गुळगुळीत डोक्याचा. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून न्हाव्याकडे गेला होता. मी बघतच राहिलो, तर मला म्हणाला, "अब मेरा बात कौन सुनेगा?" मी ते कुणालाच सांगितलं नाही. दादालाही नाही. जणू त्यानं काही चोरून घेतलं होतं आणि मी ते लपवत होतो.

रोटाच्या आधीचा शुक्रवार. तुझी सून वरच्या खोलीत चादरी आणायला गेली आणि खाली आली ती चेहरा उतरवून. "भाऊंची पिशवी भरून झालीय." मी म्हणालो, दरवर्षीच भरतात. ती म्हणाली, "दरवर्षी मफलर घेत नाहीत. श्रावणात दोन दिवसांसाठी कडोदऱ्याला जाणारा माणूस लोकरीचा मफलर आणि घोंगडी कशाला घेईल हो?" मी वर गेलो. खुंटीवरचा मफलर नव्हता. जगन्नाथाचा छोटा फोटो भिंतीवर नव्हता, तिथं चौकोनी पांढरा डाग होता. त्याला विचारलं तर तो हसला. "लड़की का शादी होगा. लोग पूछेगा ये कौन. तुम क्या क्या बोलेगा? हम उधर कडोदरा में, गाँव वालों का मेस में ठीक है. दूर थोड़ी है, इतवार को आएगा." त्याच्या बोलण्यात रुसवा औषधालाही नव्हता. दुसऱ्याच्या पाळीची वेळ झाली की खाट सोडून उठायचं, तसा तो उठत होता.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन लावला. एक मूठ जास्त टाकतो आहे, त्याच्या नावाची, असं सांगितलं. दादा उसळला. "येडा व्हयना का तू? आज त्याले देशी, उद्या बठी गल्ली ताट लिसन येई!" मग देवीचा कोप, भाऊबंदांत होणारं हसं, मुलीचं स्थळ, सगळं बोलून झालं. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, तो तुझीच शिकवण मला परत सांगत होता. मला त्याला केस उतरवल्याचं सांगायचं होतं. खरं कारण माझ्या हातात होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. मी म्हणालो, "दादा, जाताना मायनंच मला सांगितलं होतं, त्याची मूठ टाकत जा."

दादाचा आवाज एकदम खाली आला.

"मायनी सांगं व्हतं?"

"हो."

"आनि तू बारा वरीस टाकी नही?" आता तो दुसऱ्याच कारणासाठी ओरडत होता. "मायना शबद बारा वरीस दाबी ठेवा? नालायक! मंग आठे बी त्यानी मूठ टाकसू मी. त्यानं नाव काय शे, नीट सांग."

तर माय, तुझ्या नावानं मी खोटं बोललो आहे आणि त्या खोट्याची आता गावी प्रथा पडली आहे. आपल्या घरी, तुझ्या चुलीपाशी, एका उडिया माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळला गेला. दादानं हे चारचौघांत अभिमानानं सांगितलं, म्हणे आमच्या मायचं काळीज केवढं मोठं. स्थळवाले पाहुणे तिथंच होते. तुझी कीर्ती फार वाढली आहे. कुणी तिकडे येऊन विचारलंच तर एवढंच कर, नाही म्हणू नकोस. मुलींचं मात्र मी दादाला अजून सांगितलेलं नाही. एका फोनवर एकच धक्का पुरे.

हे पत्र मी कुठं टाकू? तुझी राख तापीत गेली, म्हणून आधी वाटलं, होडी करून पाण्यात सोडावं. पण पाणी तुझ्याकडून माझ्याकडे वाहतं, माझ्याकडून तुझ्याकडे नाही. तेव्हा गव्हाच्या डब्यातच तळाशी घालून ठेवतो, पुढच्या श्रावणात हाताला लागेल. शनिवारी डबा तीनदा बंद केला तो याच खोट्याच्या भीतीनं. देवीपुढे बसून, ज्या हातानं नमस्कार करायचा त्याच हातानं हे करायचं, आणि तू वरून बघते आहेस. मी डोळे मिटून तुझा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तू रागावलेली दिसशील असं वाटलं होतं. मला दिसलीस ती चुलीपुढे, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवताना.

मी चौथ्यांदा झाकण काढलं. तेवढ्यात तो पिशवी खांद्याला लावून जिना उतरला आणि सवयीप्रमाणे मान वळवून, देवघराकडे न बघता दाराकडे निघाला. मी मूठ भरली. माझं नाव घेणार, तोच मागून तुझी सून म्हणाली, "अहो, आधी मोठ्यांची."

बरोबर होतं. वयानं मोठा तो आधी. माझी मूठ हवेतच थांबली. मान परातीवर झुकलेली होती, त्याला माझे ओठ दिसणार नव्हते. म्हणून मी त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव आणि गाव, छाती भरून ओरडलो. एकोणीस वर्षांत मी त्याचं पूर्ण नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं घेतलं. समोरच्या दोन दारांतून माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं, नेहमीचं मीठ नसून आज खरंच भांडण आहे. आणि मी गहू परातीत सोडले.

तो वळला. परातीकडे त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. "ये क्या किया? वापस डालो."

"देवीच्या नावानं पडलेला दाणा परत जात नाही," धाकटी त्याच्या कानाशी ओरडली. "आता तुमच्या वाटचा रोट तुम्हालाच संपवावा लागणार, पौर्णिमेपर्यंत. नाही संपला तर दोष लागतो!"

"हमारा दाँत कहाँ है? इतना मोटा रोट हम कैसे खाएगा?"

"खिरीत भिजवून देते, भाऊ," तुझी सून म्हणाली आणि तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मफलर बाहेर लोंबत होता. थोरलीनं तो ओढला आणि वर खुंटीला लावायला पळाली.

तो परातीशेजारी, माझ्या समोर, हळूच खाली बसला. दारात जमलेल्या माणसांकडे त्यानं एकदा पाहिलं, आणि ज्यानं आयुष्यभर आम्हाला जोर से बोलो, जोर से बोलो म्हणून पिडलं, तो माणूस माझ्याकडे झुकून म्हणाला, "धीरे बोलो. सब लोग सुन रहा है."

मी धीरे बोललो नाही. दुसरी मूठ माझी, मग तुझ्या सुनेची, मग थोरलीची, मग धाकटीची, पाचही नावं मी गल्लीला ऐकू जातील अशी घेतली, आणि परातीतले गहू दळणाच्या डब्यात भरून घंटीवर गेलो.